कोऱ्या पानांखालची सही

“खुर्ची कशाला शोधायलीस? सही उभ्यानं बी होतीय की. तुझा बाप अकरा वर्षं उभ्यानंच करत होता.”

चेअरमन असं म्हणाले आणि टेबलाभोवतीचे आठ जण हसले. मोठ्यानं नाही. सवयीनं. दहा संचालक, नऊ खुर्च्या. दहावी मी.

बाबा जाऊन दीड महिना झाला होता. आमच्या शेतकरी कंपनीच्या बोर्डातली त्यांची जागा मला दिली होती. ‘दिली’ असंच सगळे म्हणत. बाबांच्या जलदान विधीला चेअरमन स्वतः घरी आले, आईसमोर हात जोडून म्हणाले, जागा घरातच राहू द्या. मी त्यांच्याच भावाच्या शाळेत ग्रंथपाल. नाही म्हणायची सोय नव्हती. पण खरं सांगते, नाही म्हणायचं मनातही आलं नाही. मला अभिमान वाटला.

मीटिंगच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून रेणापूरला कंपनीच्या ऑफिसात जायचे. परत आले की ओट्यावर माणसं जमायची. आज बोर्डात असं ठरलं, मी असं बोललो, बाबा सांगायचे. त्यांच्या शब्दावर आमच्या बौद्ध वस्तीतल्या चाळीस घरांनी कंपनीचे शेअर घेतले. एकर-दोन एकरवाली माणसं. आपला माणूस आत बसतो, म्हणून. त्या शेअरमधून डाळमिल उभी राहिली. आणि आत बाबांना बसायला जागाच नव्हती.

त्या आठांतल्याच एकानं, सेक्रेटरींनी, ठराव लिहायचं प्रोसिडिंग बुक पुढं सरकवलं. बोट पानाच्या तळाशी. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. ठराव कुठं आहे, मी विचारलं. ते नंतर लिहितो मॅडम, आपल्याकडं तशीच पद्धत आहे, ते म्हणाले.

मला वाचायची सवय आहे. फारसं दुसरं काही येत नाही. मी पानं मागं उलटली. आधीची पाच पानं कोरी. प्रत्येकाच्या तळाशी बाबांची सही. शेवटच्या अक्षराखालची रेघ थरथरलेली. लातूरच्या दवाखान्यात नेण्याआधी त्यांच्या हाताला कंप सुटला होता, तेव्हाची.

त्या पाचांच्या आधीची पानं लिहिलेली. ठरावामागून ठराव, आणि प्रत्येकाखाली अनुमोदक म्हणून बाबांचं नाव. ठराव मांडणारा म्हणून एकदाही नाही.

आम्ही त्यांना जाळून आलो होतो. अस्थी गोळा केल्या होत्या. आणि इथं पाच पानांवर त्यांचा होकार शिल्लक होता.

चेअरमननी काही लपवलं नाही. लपवावं असं त्यांना वाटलंच नाही. मिल त्यांच्या नांदेडच्या जावयाला दहा वर्षांसाठी चालवायला द्यायची होती. ठराव या कोऱ्या पानांवर लिहायचा, मागची तारीख टाकून. “तुझ्या बापाचं नाव खाली असलं की तुमची वस्ती काय बोलत न्हाई,” ते म्हणाले.

चहा आला. त्यांनी घेतला. मिल गेली तर आमची माणसं स्वतःच्याच मिलच्या फाटकावर हमालीसाठी उभी राहणार, आणि ते माझ्या बापाच्या नावानं. पानांना छापील नंबर होते. एक पान फाडलं तरी कळलं असतं. मी पेन काढलं. पहिल्या कोऱ्या पानावर वरपासून सहीपर्यंत तिरकी रेघ मारली. रेघेवर लिहिलं: हे पान आज माझ्यासमोर कोरं होतं. तारीख घातली. सही केली. मग दुसरं पान. तिसऱ्याला सेक्रेटरी उठले. मी हात काढला नाही. पाचही पूर्ण केली आणि मोबाईलवर त्यांचे फोटो घेतले.

आता कुणी हसत नव्हतं.

“शाळेतल्या तुझ्या जागेची मान्यता अजून यायची हाय ना?” चेअरमन म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवायची त्यांना गरज नव्हती.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तूर निवडत होती. हात थांबले.

“सह्या कशाला घेत्यात ते तुझ्या बाबांना ठावं होतं,” ती म्हणाली. “मलाबी ठावं होतं. तुझी नोकरी उगं लागली व्हय? आता मेल्या माणसाला उघडं पाडू नको, बाई.”

त्यानंतर चार दिवस मी शाळेत गेले. पुस्तकं दिली, घेतली, नोंदी केल्या. प्रत्येक नोंद करताना वाटायचं, ही खुर्ची बाबांच्या उभं राहण्यावर ठेवलेली आहे. गप्प बसले तर नोकरी राहते, बाबांचं नाव राहतं, आणि बाकीचे नऊ जण नव्या पानावर ठराव करतात, मिल जाते. बोलले तर मिल वाचेलच असंही नाही. बाबांवर मला राग आला. मग रडू आलं. मग पुन्हा राग. ओट्यावर ते जे सांगायचे, त्यातलं एक वाक्य तरी ते आत बोलले असतील का? विचारायला ते नाहीत.

येत्या रविवारी विहारात वस्ती जमेल. मी बोलणार आहे. मिलचं नंतर. आधी माझी नोकरी कशी लागली ते. मग बाबांनी कोऱ्या पानांवर सह्या केल्या ते, त्यांचं नाव घेऊन. चेअरमनचं त्यानंतर. ऐकून कुणी शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. बाबांवर ठेवला तसा माझ्यावर विश्वास ठेवा, असं म्हणणार नाही. फोटो हातोहात फिरवीन. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवीन. आणि चाळीस घरांनी मिळून रेणापूरला जायचं, पूर्ण बुक सगळ्यांसमोर वाचायला मागायचं, असं सांगेन.

आई येणार नाही म्हणाली. मी जाणार आहे.