वरवंडच्या ग्रंथालयातली प्रश्नचिन्हं

वरवंडच्या ग्रंथालयाचा कॉम्प्युटर बघायला मी मांडवगण फराट्याहून जायचो. पुस्तकांचा डेटाबेस मीच उभा केला होता. तेव्हा आम्ही मराठी टाइप करायचो ते एका फॉन्टच्या जोरावर. आत साठायची इंग्रजी अक्षरं, फॉन्ट लावला की स्क्रीनवर मराठी दिसायचं. म्हणून डेटाबेसची सेटिंगही मी इंग्रजीचीच ठेवली. यादीत अक्षरांचा क्रम भलताच लागायचा, पण वाचकांना त्याची सवय झाली होती.

मग गावातलीच एक मुलगी ऑपरेटर म्हणून आली. नुकताच कोर्स केलेली. तिनं युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, एक अख्खं कपाट नोंदवलं. संध्याकाळी यादी उघडली तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ती अक्षरं साठवायची सोयच मी ठेवली नव्हती. हे मला पुढं कळलं, तोवर कमिटीसमोर बोलून बसलो होतो, "हिला टायपिंग येत नाही." तिचं काम गेलं. खरं कळल्यावरही मी ते कमिटीला सांगितलं नाही.

यंदा ग्रंथालयात नवा कॉम्प्युटर आला आणि मला बोलावणं आलं. ती मुलगी आता राहू गावात, सासरी, पिठाची गिरणी चालवते. तिथं जाऊन म्हणालो, "ऑपरेटरची जागा रिकामी आहे. ये."

तिनं गिरणी बंद केली. "आप्पा, माहेरी अजून मला प्रश्नचिन्हवाली म्हणत्यात. माझ्या लग्नातबी म्हणले. चूक कुणाची व्हती ते आधी कमिटीम्होरं सांगा. माझ्यादेखत. मग बघू."

ती आली. मी सांगितलं. अध्यक्ष माझ्याकडं बघतच राहिले. "इतकी वर्षं काय दातखीळ बसली व्हती का, आप्पा?"



"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मशीन दावा."

नवा डेटाबेस करताना मी फक्त अक्षरं युनिकोड केली. भाषेची सेटिंग जुनी, इंग्रजीच राहिली. दोन्ही जुळत नाहीत म्हणून कॉम्प्युटरनं डेटाबेस करायलाच नकार दिला. ती वाकून बघत होती. "अजून इंग्रजीच ठिवताय व्हय?" भाषाही मराठी केली, तेव्हा कुठं काम झालं.

"सरका आता," म्हणत ती खुर्चीत बसली. एका पुस्तकाचं नाव टाइप केलं, सेव्ह केलं, सगळं बंद करून पुन्हा उघडलं. नाव जागेवर होतं. तिनं पुन्हा एकदा बंद करून बघितलं.

मग स्क्रीनवरची नजर न काढता तिनं हात पुढं केला. "दुसरं द्या."

मी कपाट उघडलं.