कोठी सांभाळण्याचे पैसे

आमच्याकडे लग्नात कोठी नावाची एक खोली असते. हॉल कितीही मोठा असो, झुंबरं असोत नसोत, मागच्या बाजूला एक कोंदट खोली असतेच. तिथं साखरेची पोती, तुपाचे डबे, काजू-बदाम आणि आहेराचे गठ्ठे ठेवतात. तिची चावी एका विश्वासाच्या बाईकडे असते. आमच्या घराण्यात ती बाई म्हणजे मी.

कारण सरळ आहे. मला याद्या करायची सवय आहे. किती पानं उठणार, त्याला किती साखर लागेल, आचाऱ्याला तूप एकदम न देता किती वेळा थोडं थोडं काढून द्यायचं, कोणत्या पाहुण्याला साडी, कुणाला नुसती टॉवेल-टोपी, हे सगळं मी महिनाभर आधी लिहून काढते. आहेराच्या प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी असते. ऐन वेळी जीपमधून न बोलावलेले चार म्हातारे उतरतात, त्यांच्यासाठी बिनचिठ्ठीचे गठ्ठे वेगळे असतात. किराणा घेतानाच दुकानदाराशी बोली करते, की न फोडलेलं पोतं परत घ्यायचं. मी कोठीत असले की लग्नात रुसवेफुगवे होत नाहीत आणि सामान वाया जात नाही. हे मी स्वतःबद्दल लिहिते आहे, पण खरं आहे ते खरं आहे.

या कामाबद्दल मला साड्या मिळायच्या. बहुतेक आलेल्या आहेरातल्याच, फिरवलेल्या. लग्न मात्र मी एकही पाहिलं नाही. मंगलाष्टका भिंतीपलीकडून ऐकायच्या आणि अक्षता तिथंच पोत्यांवर टाकायच्या.

पैशांचा विचार मी आपण होऊन केला नव्हता. सिडकोत आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी माझं काम पाहिलं होतं. त्यांच्या मैत्रिणीकडे मुलाचं लग्न निघालं. ती मैत्रीण घरी आली, चहा घेतला आणि म्हणाली, "तुमचं किती होईल?" मला आधी प्रश्नच कळला नाही. मग घाईघाईत एक आकडा बोलले. ती लगेच "चालेल" म्हणाली. इतक्या लगेच, की मी फार कमी सांगितलं हे मला तिचा कप उचलतानाच समजलं. पुढच्या लग्नाला दुप्पट सांगितले. तेही मिळाले.

तेव्हापासून परक्यांना दर लागू झाला. नातेवाइकांना नाही. ही विभागणी माझ्या मनाला खटकत होती, पण तसंच चाललं होतं. मग कन्नड गावच्या नणंदेच्या मोठ्या मुलीचं ठरलं. हॉल इथलाच, बीड बायपासला. नणंद वयानं मोठी, तिला सगळे अक्का म्हणतात. तिनं फोनवर तिथी सांगितली आणि म्हणाली, "वैनी, कोठी तुझीच."

त्याच तिथीला मला बाहेरचं एक काम आलेलं होतं. मी म्हटलं, "येते अक्का. बाहेरच्यांकडून घेते त्यापेक्षा कमी घेईन, पण घेईन."

"घरच्या माणसाला कुणी पैसे देतं व्हय?"

"आचाऱ्याला देताय ना?"

"आचारी लोकाचा हाय."

"मग कोठीवालीही लोकाची बघा. मी पाहुणी म्हणून येते, पुढच्या खुर्चीवर बसते."

"लई शहरी झालीस," म्हणून तिनं फोन ठेवला.

आमच्या घरात वातावरण तापलं. नवरा म्हणाला, "अगं, माझी बहीण आहे ती." मी म्हटलं, "म्हणूनच कमी सांगितले." तो पेपर उघडून बसला. मलाही झोप लागत नव्हती. नणंद तुटली तर काय, हा विचार होताच. लग्न करून आले तेव्हा या घरात मला सांभाळून घेणारी तीच होती. पण बाहेरचं काम मी अजून धरलं नव्हतं, सोडलंही नव्हतं. आणि आकडा बदलायचा नाही हे नक्की होतं.

आठवड्यानं अक्काचा फोन आला. "एक बाई विचारली. तिचा भाव तुझ्याहून जास्त, आन् वर म्हणती, सामान कमी पडलं तर तिची जबाबदारी नाय. ये तूच. देते."

लग्न नीट पार पडलं. लासूर स्टेशनहून वरपक्षाची माणसं ठरल्यापेक्षा जास्त आली, पण गठ्ठे पुरले. साखरेचं एक पोतं आणि तुपाचे दोन डबे न फोडता परत गेले.

संध्याकाळी मी कोठीत रिकामे डबे मोजत होते. नवरा पाकीट घेऊन आला. "अक्कानं दिलंय."

"तुमच्याकडे कशाला? कोठी तुम्ही सांभाळली?"

"अगं, पैसे तेच आहेत."

"परत द्या. मला द्यायचे असतील तर मला द्या म्हणावं."

तो गेला. जरा वेळानं अक्का स्वतः आली. दिवसभर उभी राहून तिचे पाय सुजले होते. ती पोत्यावर बसली. "आता काय झालं गं तुझं?"

"मांडववाल्याचे पैसे त्याच्या बायकोकडे दिले का तुम्ही?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. पाकीट माझ्या हातात ठेवलं. "मोज."

मी तिच्यासमोरच मोजले. बरोबर होते. मग तिनं पिशवीतून साडी काढली. मी हात मागे घेतला, तर म्हणाली, "ही कामाची नाय. भावजयीची हाय. दुकानातनं आणलीय, फिरवलेली नाय." ती मी घेतली.

मी कुलूप लावत होते, तेव्हा वराची मावशी दारात आली. तिच्याकडेही पुढच्या मोसमात लग्न होतं. कोठी कुणी सांभाळली, असं ती अक्काला विचारत होती.

"ह्या आमच्या वैनीनं," अक्का म्हणाली. "बोलवा की. पण फुकट नाय येत हां ती. आम्हाला बी नाय सोडलं." आणि हे सांगताना तिचा आवाज चांगलाच चढला होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा.