न मोडलेलं खळं

बहीण गेली त्याला आता काही महिने झाले. दिवाळीनंतर मी परभणीहून गावी गेले, तेव्हा शेतात चुलतभावाचा ट्रॅक्टर उभा होता. हरभरा पेरायचा होता. सगळं रान तयार होतं, फक्त बांधाजवळचा खळ्याचा तुकडा तसाच होता. तो नांगरायचा की ठेवायचा, हे आमचे वडील, आबा, कुणाला सांगत नव्हते.

"काका, लोक हसायलेत," भाऊ म्हणाला. "मळणी मशिनवर होतीय. गावात कुणाचं खळं ऱ्हायलंय का आता?"

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा घे, माय."

आमच्याकडे खळं दरसाल नव्यानं करत. ज्वारी काढायच्या आधी जमीन साफ करायची, बेतानं पाणी शिंपडायचं, चोपण्यानं चोपायची, शेणानं सारवायची. रास उचलली की खळं मोडायचं आणि ती जमीन पुन्हा रानात मिसळून टाकायची. आमचं खळं मात्र बहीण शाळेत होती तेव्हापासून मोडलेलं नव्हतं.

तिला हॉकीची गोडी शाळेत लागली. खेळाच्या सरांनी कुठून तरी जुन्या स्टिक आणल्या होत्या. शाळेच्या मैदानात बाभळीचे काटे, आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा. सारवलेलं खळं हीच गावातली एकमेव सपाट जागा. मी बांधावर पुस्तक घेऊन बसायची. आबा समोरून बॉल मारायचे आणि ती अडवायची.

क्रीडा वसतिगृहाच्या निवडीला जायचं ठरलं, तेव्हा सर सहज बोलून गेले की तिथलं मैदान हिरवं, सतरंजीसारखं असतं आणि खेळाच्या आधी त्यावर पाणी मारतात. आबांनी एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोटार चालू करून पाइप खळ्यात सोडला. पोरीला ओल्या मैदानाची सवय व्हायला पाहिजे, हा त्यांचा हिशेब. काळ्या मातीचं काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण लेकीच्या नादात ते विसरले.

सारवण उखडलं. बॉल मारला की तो जागच्या जागी रुतायला लागला.

"आबा, ह्याच्यात बॉल काय, बैल अडकंल," बहीण गुडघाभर चिखलात उभी राहून हसत होती.

चुलते आले. त्यांच्या ज्वारीच्या पेंढ्या बांधावर रचून तयार होत्या. त्यांनी खळ्याकडे बघितलं, मग आबांकडे.

"रास कुठं करायची आता? तुमच्या डोक्यावर?"

"करा," आबा म्हणाले. "टक्कल हाय, सारवायची बी गरज न्हाई."

चुलत्यांना हसू आलं, पण त्यांनी पेंढ्या दुसऱ्याच्या खळ्यावर नेल्या. आमचं खळं वाळलं ते पावलांचे आणि खुरांचे ठसे घेऊनच. पुन्हा चोपायला सवड नव्हती. त्याच खडबडीत जमिनीवर तिनं निवडीपर्यंत सराव केला. सरळ मारलेला बॉल मध्येच उसळायचा, कधी डावीकडं वळायचा. नडगीवर बसला की ती "आई गं" म्हणायची आणि पुन्हा वाकून उभी राहायची. आबांचा चेहरा पडलेला असायचा. पोरीची संधी आपण चिखलात घातली, असं त्यांना वाटत होतं.

निवडीहून ती परत आली तेव्हा ते बसस्टँडवर तिची पिशवी घ्यायलाही पुढं झाले नाहीत. तीच माझ्याजवळ आली.

"अक्का, तिथं बॉल खोटंच बोलत न्हाई गं. सरळ निघाला की सरळच येतो. सगळे अडवले मी."

मग आबांनी पिशवी घेतली.

पुढं ती देशाकडून खेळली. पेनल्टी कॉर्नरला तिचं काम ठरलेलं असे: बाहेरून आलेला बॉल स्टिक आडवी धरून जागच्या जागी थांबवायचा. मग दुसरीनं तो गोलात मारायचा. वर्तमानपत्रात फोटो यायचा तो मारणारीचा. कडेला वाकलेली एक पाठ दिसायची, ती आमची. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी विहारात लावायला मी फोटो शोधत होते, तर खेळतानाच्या एकातही तिचा चेहरा नीट दिसेना. शेवटी ओळखपत्रावरचा मोठा करून लावला.

गुडघा गेल्यावर ती खेळायची थांबली, खेळामुळं मिळालेली नोकरी करत राहिली. सुट्टीत घरी आली की अनवाणी खळ्यावर जायची आणि टाचेनं जमीन दाबून बघायची. शेवटच्या आजारपणातही एकदा गेली होती, माझ्या खांद्यावर हात ठेवून. म्हणून यंदा तिथं नांगर घालू नये, असं मला वाटत होतं. आबांना तसं सांगायचं ठरवूनच मी आले होते.

चहा झाला. आबा चपला काढून खळ्यावर गेले, मीही गेले. त्यांनी टाचेनं जमीन दाबली, अगदी तिच्यासारखी.

"तू काय म्हणतीस?" त्यांनी विचारलं.

मीही टाच दाबून बघितली.

"रास झाली की खळं मोडायचं असतंय, माय," ते सावकाश म्हणाले. "मी लय वर्षं ठेवलं. ती येत होती म्हणून ठेवलं."

मी मान डोलावली. त्यांनी भावाला हात केला.

नांगराचा फाळ आत जाईना. ट्रॅक्टर धडपडला. "काका, दगड हाय का काय ह्याच्यात?" भाऊ वरून ओरडला.

"दगड न्हाई. बडवलेलं हाय," आबा म्हणाले. "दुसऱ्यांदा घाल."

दुसऱ्यांदा ढेकळं निघाली, पाटीएवढी. आबा काठी बाजूला ठेवून खाली बसले आणि बांधावरच्या दगडानं ती फोडू लागले. मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली.

हरभरा सगळीकडं उगवला, त्या तुकड्यात जरा उशिरा आणि विरळ. बसमधून गावी जाताना रस्त्यावरून तेवढी गोल जागा अजून ओळखू येते. आबा म्हणतात, एक-दोन सालात मिसळून जाईल.