वेणूचे हात

प्रेमाच्या गोष्टी मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या आमच्या चाळीत त्यांची कधी वाण नव्हती. कुणी पळून जायचं, कुणी ढेकणाचं औषध पिण्याची धमकी द्यायचं, आणि वर्ष उलटायच्या आत तीच दोघं नळावर हंड्यावरून भांडताना दिसायची. मी पालिकेच्या शाळेत शिकवते. दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसल्यावर असली कौतुकं ऐकायचा मला कंटाळा. पण वेणू आणि सुदाम माझ्या शेजारच्याच खोलीत राहायला आले, आणि त्या दोघांचं मला सगळंच बघावं लागलं.

वेणू एका सिंधी सेठच्या कपड्यांच्या कारखान्यात काज-बटनाच्या मशीनवर बसायची. सुदाम शिलाई मशीनचा मेकॅनिक. खिशात स्क्रू ड्रायव्हर, नखांत तेल, आणि दिवसभर या कारखान्यातून त्या कारखान्यात. शहाऐंशी साली वेणूची मशीन जरा जास्तच बिघडायला लागली. आज दोरा तुटतोय, उद्या पट्टा सैल झालाय. शेवटी सेठ वैतागला. “वेणू, तेरी मशीन को क्या बीमारी है? रोज डॉक्टर लगता है इसको!” सगळा कारखाना हसला. वेणूने मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाण्याने पट्ट्याचा स्क्रू सैल केला. हे तिने मला पुढे स्वतःच सांगितलं, आणि सांगताना लाजली वगैरे अजिबात नाही.

दुपारी दोघं एका डब्यात जेवायची. भाकरी त्याची, पालेगावहून त्याच्या आईने बांधून दिलेली. सुकटीची चटणी हिची. दोन्ही घरं बौद्ध, दोन्ही कामकरी, त्यामुळे आडवं येणारं कुणी नव्हतं. अंबरनाथच्या विहारात लग्न लागलं. पांढऱ्या साडीतली वेणू इतकी आनंदात होती की भन्तेजींच्या मागोमाग त्रिशरण म्हणताना दोनदा चुकली.

लग्नानंतरही दोघांचं ताट एकच. दार उघडं असलं की मला दिसायचं. एकदा मी म्हटलंच, “अगं, एक ताट कमी पडतंय का? मी देते.”

“त्याला माझ्याशिवाय घास उतरत नाही, बाई.”

“वर्ष जाऊ दे. मग उतरेल.”

वर्ष गेलं, तीन गेली. उतरला नाही. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, ते निदान या दोघांच्या बाबतीत खोटं ठरलं आणि मला हार मानावी लागली.

मग नव्वदच्या सुमाराला सुदाम बिघडला. आधी त्याने एक कारखाना सोडला, तिथल्या मशिनी आपल्याविषयी बोलतात म्हणून. आम्ही हसलो. मग त्याला पाण्याला वास यायला लागला. भरलेला हंडा तो गटारात ओतायचा आणि वेणू पुन्हा रांगेत उभी राहायची. एके दिवशी माझ्या दारात येऊन त्याने विचारलं, “बाई, तुम्ही आमचं बोलणं ऐकता ना?”

“ऐकते,” मी म्हटलं. “चाळ आहे ही. हळू बोला, म्हणजे ऐकू येणार नाही.” यात खोटं काय होतं? पण त्याने तो माझा कबुलीजबाबच धरला.

कुणाच्या घरचा चहासुद्धा त्याला चालेना. जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. फक्त वेणूच्या हातचं खायचा, तेही वेणू त्याच ताटात बसून पहिला घास घेईल तेव्हा. ती चावायची, गिळायची, तो तिच्या तोंडाकडे बघायचा, आणि मग हात पुढे करायचा. ज्या ताटाची आम्ही थट्टा करायचो, तेवढं एकच ताट त्याला जगवत होतं.

त्याची आई भागीरथी पालेगावहून आली आणि माझ्या उंबऱ्यावर बसून रडली. “आमच्या मालकांनी छप्पन साली देव नदीत सोडलं. टाक, परडी, समदं. आता कुन्या तोंडाने देवाकडं जाऊ, बाई? देव तरी कुठून आनू?”

वेणूने तिला पाणी दिलं. “आई, गेले ते देव गेले. ठाण्याला डॉक्टर आहे.”

डॉक्टर खरंच चांगला होता. गोळ्या दिल्या. सुदाम त्या जिभेखाली धरून मोरीत थुंकायचा. मग डॉक्टरने थेंब दिले. रंग नाही, चव नाही. त्यांना न सांगता त्यांच्या जेवणात मिसळा, म्हणाला. त्या ताटात कोण कोण जेवतं हे त्याने विचारलं नाही, आणि वेणूने सांगितलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई नवऱ्याबरोबर एका ताटात जेवते, हे परक्या पुरुषाला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिला लाज वाटली. आणि औषधच तर आहे, विष थोडंच आहे, असं तिने मनाशी म्हटलं. बिचारीला वाटलं, अर्धं आपल्या पोटात गेलं तर काय बिघडणार आहे.

सुदाम सुधारला. झोपायला लागला, दाढी करायला लागला, पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घेऊन कारखान्यात जायला लागला. माझ्या शिलाई मशीनला त्याने न सांगता तेल घातलं. चाळीने सुटकेचा निःश्वास टाकला. पण पहिला घास अजूनही वेणूनेच घ्यायचा.

आणि वेणू उतरत गेली. आधी तिचे हात थरथरायला लागले. मग मान अवघडली, चेहरा लाकडासारखा झाला. विनोद केला तरी हसू ओठांपर्यंत पोचायचं नाही. मशीनवर बसल्या बसल्या डुलकी लागून सुई बोटाच्या नखातून आरपार गेली. त्यातच पाळी चुकली, आणि सगळ्यांनी ताबडतोब अर्थ लावला. भागीरथीने तांदळाची खीर केली आणि वाटीवाटीने चाळभर वाटली. वेणू मला म्हणाली, “म्हणून हात कापत असतील, नाही का बाई?” किती खूश होती ती!

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पोटात काही नाही.

चार दिवसांनी वेणू माझ्याकडे आली, दार लोटलं आणि पदर बाजूला करून पोलक्यावरचे ओले डाग दाखवले. “बाई, मूल नाही, मग दूध कुठून?”

तेव्हा मी तिला बसवून खोदून खोदून विचारलं आणि थेंबांचं बाहेर आलं. मी भयंकर चिडले. “अक्कल गहाण ठेवलीस का तू? आत्ताच्या आत्ता सांग त्याला.”

“सांगितलं तर तो माझ्या हातचं पुन्हा खाईल?” ती म्हणाली. “जगात माझ्या एकटीच्याच हातचं खातो तो.”

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी तिला ठाण्याला नेलं. डॉक्टरने कपाळाला हात लावला. हात, पाळी, दूध, सगळं त्या थेंबांनीच झालंय. आजच्या आज बंद करा, तुमची तब्येत सुधारेल. त्यांना घेऊन या, महिन्याचं इंजेक्शन देऊ, मग जेवणात काही घालायला नको. परत येताना वेणू पहिल्यांदा मोकळी बोलली. त्याला कसं समजवायचं, कुठल्या दिवशी न्यायचं, सगळं तिने ठरवून टाकलं. मलाही वाटलं, निघाला मार्ग.

आम्ही पोचलो तर सुदामने दोन ताटं मांडली होती.

त्याने सगळं हेरलं होतं. वेणू खरवईला माहेरी जाऊन राहिली की तो केळी-शेंगांवर दिवस काढायचा; ती परतली की हात ठीक असतात, इथे जेवायला बसली की पुन्हा थरथरतात. मशीनचा दोष शोधायची त्याची हीच रीत होती. एकेक भाग बाजूला काढून बघायचा. तो शांतपणे म्हणाला, “आजपासून तुझं ताट वेगळं. माझ्या ताटात कायतरी येतं, मला माहीत हाय. ते माझ्यासाठी हाय, मी खाईन. तू नको खाऊस.” आणि खरंच मांडी घालून बसला, विष समजून तो भात खायला.

वेणूला ते सहन झालं नाही. तिने फडताळातून बाटली काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. “विष नाही रे. औषध आहे, तुझं. मीच घालते.”

त्याने बाटली उलटसुलट करून बघितली. “तू घालायचीस?”

“हो.”

“आणि तू पण खायचीस?”

“तू एकटा खात नव्हतास ना.”

तो रडायला लागला. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाला, “येडे, माझ्याबरोबर मरायला निघालीस?”

तिने परोपरीने सांगितलं. मी माझ्या वर्गातल्या आवाजात सांगितलं, डॉक्टरची चिठ्ठी वाचून दाखवली. तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत राहिला. बायको आपल्यासाठी स्वतःहून विष खाते आहे, एवढंच त्याला समजलं होतं, आणि तिचं आपल्यावर किती प्रेम आहे हेही. सकाळी तो उठून पालेगावला आईकडे निघून गेला.

पुढे एकदा चार माणसांनी धरून त्याला ठाण्याच्या दवाखान्यात भरती केलं. तिथे तो चांगला झाला. घरी आणला, वेणूने ताट वाढलं, ताटाकडे बघूनच त्याचा चेहरा पालटला आणि आठवड्याभरात सगळं पहिल्यासारखं. दुसऱ्यांदा नेला तेव्हाही तेच. इंजेक्शनच्या तारखेला तो शेतातून पळून जायचा. शेवटी पालेगावलाच राहिला. तिथे आईच्या हातचंही खात नाही. सालाचं तेवढंच खातो. केळी, उकडलेली अंडी, भुईमुगाच्या शेंगा. स्वतः सोलायचं, स्वतः खायचं.

वेणू दर रविवारी जाते. सालाचंच काय ते नेते. आधी आधी तो ओट्यावर बसलेला असायचा. पिशवी घ्यायचा, बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, “हात.” ती दोन्ही हात पुढे धरायची. पूर्वी चालत्या सुईकडे बघायचा तसा तो तिच्या बोटांकडे बघत राहायचा. मग म्हणायचा, “बरी हायेस. जा आता.” एकदा तिने पिशवीतलं केळं उचललं तर हिसकावून घेतलं. एवढाच त्यांचा संसार. पण हात बघून झाल्यावर त्याचा चेहरा उजळतो, तेवढ्यासाठी मी जाते, असं ती म्हणायची. तिच्या माहेरचे म्हणाले, सोडचिठ्ठी घे, वय आहे अजून. मी पण म्हटलं. ती ऐकून घेते आणि रविवारी अंडी उकडते.

गेल्या हिवाळ्यात ती गेली तेव्हा तो उघडाच बसला होता. बरगड्या मोजून घ्याव्यात असा झालेला, केसांच्या जटा, पुढचा दात पडलेला. बारा वर्षांपूर्वी याच्यासाठी आपण मशीनचा पट्टा सैल करायचो, हे तिला नेमकं तेव्हाच आठवलं. तो म्हणाला, “हात.” आणि हात थरथरले. औषध नाही, आजार नाही, नुसते त्याच्याकडे बघून थरथरले.

“अजून खातेस?”

“नाही रे. शपथ.” जितकी शपथ घ्यावी तितके जास्तच कापायला लागले.

तो उठला, आत गेला आणि कडी लावली. आतून म्हणाला, “इकडे येऊ नको. माझ्यापायी होतंय.” भागीरथीने दार बडवलं, शिव्या घातल्या, पाया पडली. त्याने उघडलं नाही. तेव्हापासून वेणू वाटेवर दिसली की तो आत जातो. एखाद्या रविवारी खिडकीच्या फटीतून म्हणतो, “हात,” आणि तिथे तिचे हात हमखास थरथरतात. तो बघणार म्हणूनच थरथरतात. घरी कधी नाही.

काल शनिवारी कामावरून आली ती सरळ माझ्या दारात उभी राहिली. दोन्ही हात पुढे धरले. “बाई, बघा.”

मी चष्मा लावला. बोटांना सुईचे जुने व्रण, नखांच्या कडेला दोऱ्याचा निळा रंग.

“थरथरत नाहीत,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

“मग उद्या जाते,” ती म्हणाली आणि अंडी उकडत ठेवायला घरात गेली.