ताण नसलेली दोरी

नातवंडांनो, तुमचा बाबा प्रबंधाचं शेवटचं प्रकरण घेऊन कर्जतला आला, ते मी टाइप करावं म्हणून. दुपारच्या गाडीनं तो टाइप केलेले कागद मुंबईला आपल्या मार्गदर्शक सरांना द्यायला नेणार होता. पण खोपोलीच्या कारखान्यात टायपिस्ट होते तेव्हापासून माझा नियम होता, की न समजलेलं वाक्य टाइप करायचं नाही.

चौथ्याच पानावर मी थांबले. सगळे कण म्हणजे सूक्ष्म तारांची कंपनं, हे त्यानं मला मागेच पटवलं होतं. आता लिहिलं होतं, तारेतला ताण शून्य धरू.

“अरे, ताणच नाही तर ती थरथरेल कशी?”

“आई, तू नुसतं टाइप कर ना गं!”

“नाही करणार.”

तो तणतणत परसात गेला आणि धुण्याची दोरी छेडून म्हणाला, “ताणामुळे हिचे भाग एकमेकांना ओढतात. पण प्रचंड ऊर्जेच्या टकरीत तो ताण नसल्यातच जमा होतो. मग प्रत्येक बिंदू प्रकाशाच्या वेगानं आपापल्या वाटेनं जातो!” आणि दाखवायला म्हणून त्यानं दोरीची गाठच सोडली. माझ्या चार ओल्या चादरी मातीत पडल्या.

मी कपाळावर हात मारला. “म्हणजे तार उरते, पण तिच्यात कोणी कोणाला ओढत नाही. एवढं सरळ लिहिता येत नाही?”

त्यानं तेच वाक्य समासात लिहिलं. मी टाइप करेपर्यंत त्याला चादरी धुवायला लावल्या. गाडी मिळाली त्याला. दोरी मात्र पुन्हा मलाच बांधावी लागली.