चार दातांचा बिल्ला

साहिमीच्या मानेत सात वर्षं एक कळ मुक्कामाला होती. पेराक नदीकाठच्या मोजणी कचेरीत त्याचं टेबल खिडकीशी, आणि टेबलावर इंग्रजांच्या वेळच्या टिपणवह्यांची चळत. त्या वह्यांत सगळ्या जमिनी साखळीने मोजलेल्या; एका साखळीला शंभर कड्या. कचेरीत नवं आलेलं यंत्र असं नाजूक की त्याला अपूर्णांक पचत नसे. म्हणून प्रत्येक लांबी मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्याही हजाराव्या भागात, पूर्ण आकड्यात लिहून द्यायची. एक कडी म्हणजे दोन लाख एक हजार एकशे अडुसष्ट. हा पाढा त्याला इतका पाठ, की बायको म्हणे, "झोपेत माझं नाव कधी घेतलं नाहीत, कड्या मात्र बिनचूक मोजता."

ज्यांनी जळवा उपटत, कमरेएवढ्या चिखलातून साखळ्या ओढल्या, त्यांची मापं आपण केसाहून बारीक करून लिहितोय, याचं पहिल्या वर्षी त्याला हसू यायचं. पुढे हसूही थकलं. त्या ओढणाऱ्यांत त्याचा बापही होता, मात देरुस. साखळीवाल्याने आकडा ओरडायचा आणि साहेबाने वहीत उतरवायचा, अशी तेव्हाची रीत. मात देरुसचा आकडा चुकत नाही, असं अख्खा जिल्हा म्हणे. साहिमीला घरात बापाची मिळकत म्हणून ही ख्याती तेवढी मिळालेली. ती आणि जुनी साखळी.

निवृत्तीला अकरा महिने उरले असताना एका बुधवारी मक तेह आली. सत्तरीची विधवा, सगळ्या गल्लीची मावशी. छत्री टेबलावरच आडवी टाकली.

"साहिमी, तुझ्या कचेरीनं माझ्या चुलीशेजारी खुंटी ठोकलीय."

शेजारची बाग विकली गेली होती. नवा मालक येत्या सोमवारी कुंपण घालणार, आणि ते तिच्या स्वयंपाकघरातून जाणार! साहिमीने वही काढली. नदीकाठच्या दगडापासून हद्द चारशे चाळीस कड्या. त्याने स्वतःच्याच हाताने केलेला हिशेब समोर होता: आठ कोटी पंच्याऐंशी लाख तेरा हजार नऊशे वीस. तीनदा गुणलं. बरोबर.

शेजारच्या टेबलावरून सेल्वनायगम साहेब म्हणाले, "गुणाकार चोख आहे ना? मग मिटलं."

"मिटलं कसं? माझी लाल पानांची झुडपं तिकडं पलीकडं आहेत," मक तेह कडाडली. "मोजणी झाली त्याच दिवशी सासऱ्यांनी हद्दीच्या दगडावर लावली. हद्दीवर लाल पानं लावतात, एवढंही तुमच्या यंत्राला ठाऊक नाही?"

"झुडूप सरकारी खूण नाही, मावशी."

"खुंटीपासून झुडपापर्यंत मी शिवणाच्या टेपनं मोजलंय. चार मीटर आणि वर हा एवढा आडवा अंगठा."

साहिमीचं पेन थांबलं. चार मीटर आणि वर अंगठाभर. त्याला काही आठवावं लागलं नाही, थकलेल्या डोक्यातून पाढा आपसूक बाहेर पडला: चाळीस लाख तेवीस हजार तीनशे साठ. वीस कड्या. ना एक कमी, ना एक जास्त.

आता साखळीला दर दहा कड्यांवर पितळेचा बिल्ला असतो. दहावर एक दात, वीसवर दोन, तीसवर तीन, चाळीसवर चार, पन्नासवर गोल. मग उलट दुसऱ्या टोकाकडून तेच, म्हणजे साखळी कुठूनही धरता यावी. त्यामुळे चार दात चाळीसलाही असतात आणि साठलाही. दमलेला माणूस दात बघतो, टोक बघायला विसरतो, आणि चारशे साठचे चारशे चाळीस ओरडतो. साखळी ओढणाऱ्याशिवाय ही चूक कुणाच्या हातून व्हायची नाही.

वहीच्या कोपऱ्यात साखळीवाल्याचं नाव होतं. मात देरुस.

साहिमीला वाटलं, वही मिटावी. अकराच तर महिने.

"तोंड का पडलं रे?" मक तेहने विचारलं. त्याने हळू आवाजात सांगितलं. ती खो खो हसली.

"मी तेव्हा नवी सून होते. सासऱ्यांनी तुझ्या बापाला तीन अख्खी दुरियन फळं खाऊ घातली, पोटाला दगडासारखी जड. झोपेनं बिचाऱ्याचे डोळे उघडत नव्हते!"

"बाबा कधी चुकले नाहीत, मक तेह."

"नाही कसे? आता माझी चूल जाईल, ती काय मी चुकले म्हणून?"

दुसऱ्या दिवशी साहेबांना घेऊन तो तिच्या अंगणात गेला. लाल पानांच्या मुळांत कुदळ घातली. माती कडक, मान ठणकत होती, दर घावाला थांबावं लागत होतं. हातभर खाली कुदळ खणकन वाजली. मोजणीचं चिन्ह कोरलेला हद्दीचा दगड होता.

साहेबांनी दुरुस्तीचा कागद पुढे केला. "कारणाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहा. चालतं."

साहिमी पायरीवर टेकला. आधी नवी लांबी लिहिली: नऊ कोटी पंचवीस लाख सदतीस हजार दोनशे ऐंशी. मग कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'चार दातांचा बिल्ला साठऐवजी चाळीस वाचला गेला. साखळीवाला मात देरुस.' दुरियनचं लिहिलं नाही.

साहेब गेल्यावर मक तेहने चुलीशेजारची खुंटी उपटून त्याच्या हातात दिली.

"आणि हे भोक कोण बुजवणार? तुझा बाप?"

"द्या पाणी," साहिमी म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून चिखल मळायला लागला.