तुसाचा गॅस आणि लग्नाचा भात

आमची भातगिरणी चौक गावाजवळ. भात भरडून झालं की गिऱ्हाईक तांदूळ घेऊन जातं आणि तूस आमच्या दारात साचतं. वारा सुटला की ते चहातसुद्धा पडतं. त्या तुसावर चालणारा गॅसिफायर मी हौसेने बसवला. लोखंडी ड्रममध्ये तूस भरायचं, बेताची हवा देत धुमसत ठेवायचं, निघालेला गॅस गाळून इंजिनाला द्यायचा आणि इंजिनावर गिरणी. येणाऱ्याजाणाऱ्याला धरून मी हे समजावत असे, इतकं की लोक वाट बदलू लागले. इंजिन मात्र एकदाही धड चाललं नव्हतं.

त्या वैशाखात डोंगरवाडीवरची एक बाई टेंपोतून भाताची पोती घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिच्या लेकीचं लग्न. नेमका आदल्या रात्री ट्रान्सफॉर्मर जळालेला, सगळ्याच गिरण्या बंद. "दुकानातून तांदूळ घे," म्हणालो, तर बाई उसळली.

"लेकीनं सोता लावलेला भात हाय, शेठ. पावन्यांना इकतचा कसा वाढू?"

मग ड्रम पेटवला. हवा देणारा बॅटरीवरचा पंखा पूर्ण सोडला. आत नुसता जाळ, गॅसचा पत्ता नाही. इंजिन दोनदा खोकलं नि गप्प झालं. मी चुलीला फुंकर घालणाऱ्या घरातला. विस्तव ऐकेना की वारा घालायचा, एवढंच ठाऊक. झाकण उघडून उघडून बघत होतो आणि सगळ्या यंत्रजातीला शिव्या घालत होतो.

बाई पोत्यावर बसून पाहत होती. शेवटी म्हणाली, "शेठ, किती वारा घालताय? राब असा भडकवतात का? वर माती देऊन धुमसू द्यायचा. ते झाकान बघा, कडंनी वारा शिरतोय."

पेरणीआधी शेतात पालापाचोळा रचून, वर माती पसरून राब भाजतात, हे मी जन्मभर पाहत आलोय. माझ्या डोक्यात काही ते शिरलं नव्हतं. मला राग आला, कारण बाईचं बरोबर होतं.

तिने मातीत तूस कालवून झाकणाच्या कडा लिंपल्या. मी पंखा अगदी हळू केला. तासाभराने तपासणीच्या नळीपाशी काडी धरली, तर निळसर ज्योत! इंजिन धडधडलं, पट्टा फिरला आणि तांदूळ पडू लागला. या वयात मी चक्क नाचलो. बाईने ओंजळभर तांदूळ उचलून हुंगला आणि मोठ्यांदा हसली. दिवेलागणीच्या आत सगळी पोती भरडून टेंपो वाडीला लागला.

दुसऱ्या दिवशी मी आणि बायको लग्नाला गेलो. बाई स्वतः भाताचं पातेलं घेऊन पंगतीत आली. साखरेमुळे मला भात बंद, म्हणून मी पानावर हात आडवा धरला. ती जागची हलेना. तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने माझा हात धरून बाजूला केला आणि तिला म्हणाली, "वाढा हो. चांगला भरपूर वाढा."